सदाहरित झुडूप हवे? मग अंजनीला विचारा!

विद्यार्थिमित्रहो, अशी कल्पना करा की तुमची शाळा कर्जत किंवा खालापूर तालुक्यात आहे. शाळेपुढच्या कुंपणालगत झुडपांची एक रांग लावायची आहे. गुरुजींनी तीन अटी घातल्या आहेत. झुडूप बाराही महिने हिरवे राहिले पाहिजे. त्याला सुंदर फुले आली पाहिजेत. आणि उन्हाळ्यात त्याला रोज घागरभर पाणी घालावे लागता कामा नये. बागकामावरच्या एखाद्या विलायती पुस्तकात तुम्ही उत्तर शोधलेत, तर त्यात एक नाव हमखास सापडेल. ते नाव म्हणजे मर्टल.

हे मर्टल आपल्याकडे लावावे का? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आपण स्पेनमधील एका राजवाड्यापासून माथेरानच्या रानापर्यंत जाणार आहोत.

मर्टल म्हणजे कोण?

मर्टलचे शास्त्रीय नाव मिर्टस कम्युनिस. आपल्याकडे याला विलायती मेंदी असेही म्हणतात, पण आपल्या हात रंगवायच्या मेंदीहून ते वेगळे झाड आहे. भूमध्य समुद्राच्या काठचे हे झुडूप सामान्यतः दोन-तीन मीटर उंच वाढते. पाने लहान, टोकदार व चकचकीत असतात. फूल पांढरे, पाच पाकळ्यांचे असून मध्ये पुंकेसरांचा भरगच्च झुबका असतो. पुढे निळसर काळी फळे धरतात. पान चुरगळले की सुगंध येतो, कारण पानात तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी असतात. पान उजेडापुढे धरले तर या ग्रंथी पारदर्शक ठिपक्यांसारख्या दिसतात.

स्पेनमधील ग्रानाडा शहरात अलहंब्रा नावाचा जुना राजवाडा आहे. त्यात एका लांबट हौदाच्या दोन्ही बाजूंना मर्टलची कातरलेली कुंपणे आहेत. त्यावरून त्या चौकालाच ‘मर्टलचा चौक’ असे नाव पडले आहे. तेव्हा या झुडपाची कीर्ती खोटी नाही. पण ग्रानाडाची कीर्ती कर्जतला टिकेल का?

पावसाचे वेळापत्रक

ग्रानाडामध्ये वर्षाला चारशे मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो आणि तो मुख्यतः हिवाळ्याच्या आगेमागे पडतो. उन्हाळा कोरडा. म्हणजे जमीन ओली असते तेव्हा हवा थंड, आणि हवा तापते तेव्हा जमीन सुकी.

आता आपल्याकडे पाहा. कर्जत-खालापूरच्या सपाटीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जुलैत उल्हास आणि पाताळगंगा दुथडी भरून वाहतात, भातखाचरे तुडुंब असतात. त्यानंतर सात-आठ महिने आकाश कोरडे! म्हणजे इथे जमीन सर्वांत ओली असते तेव्हाच हवाही उबदार असते.

यात मर्टलचे काय बिघडते? मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधील पोकळीत हवा असते, तीतला ऑक्सिजन मुळे घेतात. पोकळीत पाणी भरले की हवा बाहेर जाते. ऑक्सिजन पाण्यातून पसरतो खरा, पण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी हळू. त्यात उबेमुळे मुळांचा श्वसनवेग वाढलेला असतो. मागणी वाढली आणि पुरवठा आटला, तर मुळे गुदमरतात. अशा दुबळ्या मुळांवर मातीतील बुरशीही चटकन हल्ला करते.

हौस म्हणून पडवीच्या वळचणीबाहेर, निचऱ्याच्या कुंडीत एखादे मर्टल जरूर लावून पाहा. पण कुंपणाच्या रांगेसाठी त्याच्यावर भिस्त ठेवणे म्हणजे दरसाल जुलैत धाकधूक ओढवून घेणे होय.

नातेवाईक शोधू या

मग मर्टलचे कोणी नातलग आपल्या पावसाला सरावलेले आहेत का? आहेत की! वनस्पतिशास्त्रात मर्टलवरून एका कुलाला मिर्टेसी हे नाव मिळाले आहे. मराठीत आपण त्याला जंबुल कुल म्हणतो, कारण आपले जांभूळ याच कुलातले. पेरू, लवंग, निलगिरी हीसुद्धा याच घरातली. जांभळाचे किंवा पेरूचे पान उजेडापुढे धरून पाहा. मर्टलच्या पानातले तेच तेलाचे ठिपके दिसतील.

अनेक जवळची कुले मिळून गण होतो. जंबुल गण, म्हणजे मिर्टेलीझ, हा केवढा मोठा गोतावळा आहे! मेंदी, धायटी, डाळिंब आणि महाराष्ट्राचे राज्यफूल तामण ही मेंदी कुलातली. ऐन, अर्जुन, हिरडा ही अर्जुन कुलातली. आणि अंजनी ही अंजनी कुलातली. ही सर्व कुले एकाच जंबुल गणात येतात. तुमच्या गावाबाहेरच्या टेकडीवर फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल फुलांनी पेटलेली धायटी आणि अलहंब्राच्या चौकातील मर्टल ही दूरची भावंडे आहेत, हे ध्यानात आले ना?

या यादीला गुरुजींच्या अटी लावू या. जांभूळ सदाहरित आहे, पण तो मोठा वृक्ष होतो. तामण फुलतो देखणा, पण पाने गाळतो. धायटीही सदाहरित नाही. मेंदी कुंपणाला उत्तम, पण फुले नाजूक व फिकट, दुरून उठून न दिसणारी. उरली अंजनी. ती तिन्ही अटींना उतरते.

माथेरानची मालकीण

अंजनीला शास्त्रज्ञ मेमेसायलॉन अंबेलेटम म्हणतात. काही ठिकाणी तिला अंजन म्हणतात, पण खानदेशातला अंजन वृक्ष वेगळा. तो शिंबावंत, म्हणजे शेंगा धरणाऱ्या कुलातला आहे. नावाच्या सारखेपणाने फसू नका.

अंजनी पाहायची तर माथेरानला जावे. माथेरान कर्जत तालुक्यातच आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढून गेले आणि पुढे तिथे थंड हवेचे ठिकाण वसले. १९०७ साली नेरळहून छोटी रेल्वे वर पोचली. प्रवासी तिथल्या गर्द सावलीची वाखाणणी करतात. ती सावली देणाऱ्या झाडांमध्ये अंजनी आघाडीवर आहे. सह्याद्रीच्या उत्तर भागातील माथ्यांवर, म्हणजे माथेरान, भीमाशंकर, महाबळेश्वर येथे, सदाहरित रानाची ओळख तीन झाडांवरून सांगतात: अंजनी, जांभूळ आणि पिसा.

माथ्यावर पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तरीही मुळे गुदमरत नाहीत. कारण उतारावरचे पाणी थांबत नाही व खालचा जांभा दगड सच्छिद्र असतो. उन्हाळ्यातही तिथे थोडी सूट मिळते. साधारणपणे हजार मीटर वर गेल्यास हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटरवर आहे आणि माथेरान सुमारे ८०० मीटरवर. फरक किती पडेल, हिशेब करा. उत्तर सुमारे पाच अंश येईल. त्यात धुके आणि सावली यांची भर पडते. म्हणून पायथ्याशी पानगळीचे साग-ऐन आणि माथ्यावर सदाहरित अंजनी-जांभूळ असे दोन मजले आपल्याला दिसतात.

मात्र अंजनी फक्त माथ्यावरच राहते असे नाही. खालच्या उतारांवर, ओढ्याकाठी, जुन्या झाडीतही ती सापडते. तिचे लाकूड कठीण असते. सरपणासाठी तोडली तरी बुंध्यापासून पुन्हा फुटते आणि झुडूप होऊन राहते. हा फुटण्याचा गुणच तिला कुंपणाला लायक बनवतो.

सदाहरित म्हणजे नेमके काय?

पुष्कळांना वाटते की सदाहरित झाडाची पाने गळतच नाहीत. हे चूक आहे. त्याचीही पाने जुनी होतात आणि गळतात, पण सगळी एकदम गळत नाहीत. जुनी जाण्याआधी नवी आलेली असतात, म्हणून झाड उघडे पडत नाही.

मग सर्वच झाडे असे का करीत नाहीत? हा जमाखर्चाचा प्रश्न आहे. पान तयार करायला झाडाला अन्न आणि खनिजे खर्च करावी लागतात. पान पुढे सूर्यप्रकाशात अन्न तयार करून तो खर्च फेडते. अंजनीचे पान बोटांनी चाचपून पाहा. ते जाड, चिवट, चामड्यासारखे लागते. वरचा मेणचट थर पाणी उडू देत नाही, कीटकांनाही ते चावायला जड जाते. अर्थात असे पान महाग पडते!

एक काल्पनिक हिशेब मांडू या. समजा, पातळ पानाचा खर्च ८ पैसे आहे. ते सहा महिने जगते आणि दरमहा ३ पैसे मिळवते. कमाई १८ पैसे, नफा १० पैसे. दोन वर्षांत अशी दोन पाने झाली, तर नफा २० पैसे. आता जाड पानाचा खर्च २० पैसे धरा. जाड पान कामाला थोडे मंद असते, म्हणून दरमहा सरासरी २ पैसेच मिळवते, पण २४ महिने टिकते. कमाई ४८ पैसे, नफा २८ पैसे. जाड पानाची जीत झाली.

पण थांबा! जमीन सुपीक असेल आणि पातळ पान दरमहा ४ पैसे मिळवू लागले तर? कमाई २४, नफा १६. दोन पानांचा नफा ३२ पैसे. आता पातळ पान जिंकले. म्हणजे कोणती रीत चांगली, हे झाडाच्या शहाणपणावर नव्हे, तर जागेवर ठरते. जांभ्याच्या धुपलेल्या, खनिजे वाहून गेलेल्या जमिनीत दरवर्षी नवी पाने काढणे परवडत नाही. तिथे एकच चिवट पान जपून वापरणारी अंजनी टिकते. तुमच्या शाळेच्या कुंपणालगतची मुरमाड जमीनही बहुधा अशीच असेल.

निळी फुले आणि पानातली तुरटी

फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास अंजनी फुलते आणि मग ती ओळखायला कोणाची मदत लागत नाही. जुन्या, करड्या फांद्यांवर पेरापेराला निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ चिकटवल्यासारखे दिसतात. फूल जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढे. भिंग घेऊन पाहा. पाकळ्या चार आणि पुंकेसर आठ. मर्टलच्या फुलातला पुंकेसरांचा झुबका इथे नाही. परागकोश टोकाशी लहानशा फटीने उघडतात, त्यामुळे पराग सहजी बाहेर सांडत नाही. मोठी रानमाशी फुलाला बिलगली की तिचा आवाज बदलतो का, हे कान देऊन ऐका. अशा फुलांवर काही माश्या अंगाचे स्नायू जोराने थरथरवून पराग झाडून घेतात. मिठाची बरणी हलवावी तसे!

पुढे वाटाण्याएवढी गोल फळे धरतात. त्यांच्या टोकाला निदलपुंजाचा छोटा मुकुट असतो. हिरवी फळे पिकत पिकत जांभळट काळी होतात. आत एकच बी असते. बुलबुलांसारखे पक्षी फळे खातात आणि बी दूर नेऊन टाकतात.

अंजनीचे आणखी एक नवल तिच्या पानात दडले आहे. आम्ल जमिनीत ॲल्युमिनियम विरघळते आणि बहुतेक पिकांच्या मुळांना ते विषारी ठरते. अंजनी मात्र ते शोषून पानांत साठवते. चहाचे झाडही असेच करते. आता आठवा, तुरटीत कोणती धातू असते? ॲल्युमिनियमच! कापडाला रंग पक्का बसावा म्हणून रंगारी तुरटी वापरतात. धातूचा अणू एका बाजूने धाग्याला व दुसऱ्या बाजूने रंगाला धरून ठेवतो. अशा पदार्थाला रंगबंधक म्हणतात. दक्षिण भारतात कोरोमंडल किनाऱ्यावरचे रंगारी पूर्वी अंजनीची पाने या कामी वापरीत. पानांपासून पिवळा रंगही मिळतो, चटया रंगवण्यासाठी त्याचा उपयोग होई. रसायनशास्त्राचे पुस्तक हाती नसताना त्या कारागिरांनी पानातली ‘तुरटी’ हुडकली होती!

लावायची कशी?

माथेरानच्या रानातून रोप उपटून आणायचे नाही, ही पहिली अट. माथेरान व भोवतालचा प्रदेश २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला आहे. आणि तसे नसते, तरी रानातले रोप उपटताना त्याची मुळे तुटतात व ते सहसा जगत नाही. आपल्या गावातले एखादे अंजनीचे झाड शोधा. मालकाची परवानगी घेऊन झाडाखाली पडलेली मूठभर पिकली फळे वेचा. बाकीची पक्ष्यांसाठी राहू द्या.

फळे पाण्यात चोळून गर काढा आणि बी ताजे असतानाच पेरा. निम्मी माती, निम्मे कुजलेले पालापाचोळ्याचे खत आणि थोडी वाळू अशा मिश्रणाने पिशव्या भरा. पिशवीला खाली भोके हवीत. पिशव्या सावलीत ठेवा. माती ओलसर असावी, चिखल नको. उगवण सावकाश होते, म्हणून महिन्याभरात पिशवी फेकून देऊ नका.

रोपे दुसऱ्या किंवा तिसऱ्या पावसाळ्याच्या सुरुवातीला जागेवर लावा. खड्डा हातभर लांब, रुंद व खोल असावा. पाणी साचणारी जागा असेल तर तळाशी दगडगोटे भरा आणि माती थोडी उंच ठेवा. दोन रोपांत मीटरभर अंतर सोडा. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पाणी द्या व बुंध्याशी पाल्याचे आच्छादन करा. मुळे खोल गेली की पाणी कमी करत न्या.

छाटणीची एक खुबी आहे. अंजनीची फुले जुन्या फांद्यांवर येतात. मर्टलसारखी दर महिन्याला कातरी चालवलीत तर कुंपण नीटनेटके दिसेल, पण निळी फुले गमावून बसाल. म्हणून फुलोरा व फळे आटोपल्यावर, वर्षातून एकदाच बेताने छाटा.

आणि हो, अंजनी हळू वाढते, फारच हळू. आज पाचवीत असलेला विद्यार्थी दहावीला जाईल तेव्हाही ते कुंपण त्याच्या कमरेच्या फार वर गेले नसेल. यावर तोडगा आहे. दोन अंजनींच्या मधे एकेक मेंदीची काडी लावा. मेंदी झटपट वाढून आडोसा देईल. अंजनीने अंग धरले की मेंदी काढून टाका. दोघीही जंबुल गणातल्याच, तेव्हा हा घरातल्या घरातला व्यवहार झाला!

जे विकत मिळत नाही

हळू वाढण्याची ही गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. गेल्या काही दशकांत कर्जत-खालापूर भागात शेतघरे आणि नव्या वसाहती वेगाने उभ्या राहत आहेत. भूखंड सपाट करताना यंत्र फिरते आणि ‘झाडोरा’ म्हणून सगळी झुडपे एका दुपारी निघतात. त्यांत धायटी असते, करवंद असते आणि मनगटाएवढ्या बुंध्याची अंजनीही असते. मग त्याच जागेवर दूरवरून आणलेली शोभेची झुडपे रांगेत लावली जातात. त्यांना उन्हाळाभर पाणी लागते. ते विहिरीतून किंवा कूपनलिकेतून येते, आणि जवळच्याच वाडीवर मे महिन्यात हंड्यांची रांग लागलेली असते.

यात कोणाचा दुष्टावा असतो असे नाही. बहुतेकांना ते झुडूप ओळखताच येत नाही. जे ओळखू येत नाही, ते वाचवावे असे मनात तरी कसे येणार? मर्टलचे चित्र पुस्तकात असते, अंजनीचे नसते. पण हिशेब पाहा. विकत आणलेले झुडूप वाळले तर पुढच्या आठवड्यात दुसरे आणता येते. अनेक वर्षांत सावकाश जाड झालेला अंजनीचा बुंधा मात्र कोणत्याही रोपवाटिकेत मिळत नाही. म्हणून बागेची पहिली पायरी लावणे ही नसून, आहे ते ओळखणे ही आहे.

हे काम तुम्ही करू शकता. खाली दिलेले प्रयोग त्यासाठीच आहेत.

करून पाहा

१. पानाची जन्मपत्रिका : अंजनीच्या एका फांदीवरील दहा कोवळ्या पानांच्या देठांना सैलसर रंगीत दोरा बांधा. दर महिन्याच्या एक तारखेला किती उरली ते वहीत लिहा. जवळच्या ऐनाच्या किंवा सागाच्या दहा पानांवर हाच प्रयोग करा. हा प्रयोग दोन वर्षे चालेल, म्हणून वही पुढच्या वर्गाच्या हवाली करा.

२. पाण्याची शर्यत : अंजनीची व तामणाची, जवळजवळ सारख्या क्षेत्रफळाची पाच-पाच पाने घ्या. क्षेत्रफळ आलेखाच्या कागदावर चौकटी मोजून काढा. देठाच्या टोकाला मेण लावून पाने सावलीत टांगा. प्रयोगशाळेच्या तराजूवर दर तासाला वजन करा. कोणाचे वजन लवकर घटते? का?

३. ठिपके आहेत का? : पेरू, जांभूळ, मेंदी, डाळिंब आणि अंजनी यांची पाने उजेडापुढे धरा आणि मग चुरगळून वास घ्या. तेलाचे ठिपके कोणत्या दोघांत दिसले? हे दोघे एकाच कुलातले का, ते सांगा.

४. गावची अंजनी : शाळेपासून चालत पंधरा मिनिटांच्या अंतरात अंजनीची किती झाडे आहेत, याचा नकाशा तयार करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुले असताना शोध सोपा जाईल. प्रत्येक झाडाच्या बुंध्याचा घेर मोजा व जागा कोणाची ते लिहा. त्या मालकांना झाडाचे नाव सांगा आणि फूल दाखवा. शिक्षकांनी हा नकाशा ग्रामपंचायतीत लावावा व दर पाच वर्षांनी पुन्हा करून घ्यावा. झाडे वाढली की घटली, हे त्यावरून सर्वांना दिसेल.